दहाव्याच्या आदल्या दिवशी

माझ्या आतेभावाची निवडणूक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै महिन्यात, एका गुरुवारी दुपारी फेटाळली. एकही साक्षीदार तपासला गेला नव्हता. एकही लिफाफा उघडला गेला नव्हता. निकालाचे कारण एवढेच होते की, याचिका दाखल झाली त्या दिवशी याचिकाकर्ता न्यायालयाच्या कार्यालयात हजर नव्हता.

तो कुठे होता हे सगळ्या गावाला माहीत होते. तो घरच्या पडवीत घोंगडीवर बसला होता. त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या आत्याचा, दहावा दुसऱ्या दिवशी होता.

मी सांगलीत एका दैनिकात उपसंपादक आहे. आत्याचे सासर सातारा जिल्ह्यात. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे किंवा फौजेतून परत आलेला आहे. आतेभाऊ हवालदार म्हणून निवृत्त झाला, गावी आला, आल्याची शेती करू लागला आणि विधानसभेच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिला. तो थोड्या मतांनी पडला. किती, तो आकडा गावात पोराबाळांना पाठ आहे. इथे एवढेच पुरे की, बाद ठरलेली टपाली मते त्या आकड्यापेक्षा जास्त होती.

ही टपाली मते जवानांची होती. सीमेवरच्या जवानाला मतपत्रिका संगणकावरून पाठवली जाते. तो ती छापून घेतो, खूण करतो, आतल्या पाकिटात बंद करतो आणि सोबत एक घोषणापत्र जोडतो. घोषणापत्रावर त्याच्या अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. मोजणीच्या दिवशी आधी घोषणापत्र पाहतात. त्यात खोट निघाली तर आतले पाकीट उघडतच नाहीत. त्या दिवशी बरेच लिफाफे साक्षांकन नीट नाही या कारणाने बाजूला ठेवले गेले. शिक्के आहेत, फक्त पुसट उठले आहेत, आणि फेरपडताळणीत आपल्या प्रतिनिधीला लिफाफे नीट दाखवले नाहीत, असे आतेभावाचे म्हणणे होते. हे म्हणणे खरे की खोटे याचा तपास झाला नाही. याचिका त्यासाठीच होती.

घोषणापत्रावर नाव असते. त्यामुळे कोणाकोणाचे लिफाफे बाद झाले हे मोजणीला बसलेल्यांनी पाहिले होते. संध्याकाळी गावात घराघरांत फोन गेले. बाद झालेल्यांत आतेभावाच्या थोरल्या चुलत्यांचा नातूही होता.

थोरल्या चुलत्यांना सगळे आप्पा म्हणतात. मीही म्हणतो. ते सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे, पाठ अजून ताठ. नातू पूर्वेकडे कुठेतरी बर्फात होता. त्याने फोनवर विचारले, “आज्जा, माझं मत मोजलं का न्हाई?” आप्पांनी सांगितले, “मोजत्यात. कोर्टात जायाचं ठरलंय.”

विधानसभेच्या निवडणुकीला आव्हान द्यायचे तर उच्च न्यायालयातच द्यावे लागते, आणि निकालापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत. ही मुदत कोणत्याही कारणाने वाढत नाही. आतेभावाने साताऱ्यातले एक वकील धरले. त्यांची हयात ग्रामपंचायतीच्या निवडणुकांच्या दाव्यांत गेली होती. ते दावे तालुक्याच्या न्यायालयात चालतात. वकिलांनी जाऊन कागद ठेवायचे, शिक्का घ्यायचा, पक्षकाराला संध्याकाळी फोन करायचा, अशी त्यांची पद्धत होती. तिला कधी कोणी हरकत घेतली नव्हती.

मोजणीच्या कागदांच्या नकला मिळायला उशीर झाला. त्या हाती आल्यावर याचिका तयार झाली. प्रत्येक प्रतीवर आतेभावाने स्वतः सही केली, प्रतिज्ञापत्र झाले. मुंबईला निघायचा दिवस ठरला आणि त्याच दिवशी पहाटे आत्या गेली. आजारी नव्हती. चुलीपाशी बसली आणि कलंडली.

मला सांगलीहून गाडीने पोचायला दुपार झाली. तोवर अंत्यसंस्कार उरकले होते. आतेभाऊ एकुलता एक. अग्नी त्याने दिला होता.

त्या गावात अग्नी दिलेल्या माणसाने दहावा होईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नसते. हल्ली शहरात सगळे तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी उरकून टाकतात. तिथे तसे चालत नाही. एकच सवलत आहे. नोकरीवर असलेला जवान तिसऱ्या दिवशी सावडून झाले की जाऊ शकतो. उरलेले विधी भाऊकीतला कोणी करतो. फौजेचे गाव असल्याने ही सवलत कधी सुरू झाली ते कोणाला सांगता येत नाही. तिच्याबद्दल वादही नसतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत भाऊकी बसली होती. आतेभाऊ कोपऱ्यात घोंगडीवर, अंगाला पंचा गुंडाळून. याचिका दाखल करायची शेवटची तारीख दहाव्याच्या आदल्या दिवशी येत होती. साताऱ्याहून वकिलांचा फोन आला. फोन मध्ये ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

वकील म्हणाले, “ते स्वतः आले तर बरं. नाही आले तरी अडायचं कारण नाही. वकीलपत्र माझ्याकडे आहे, सह्या झालेल्या आहेत.”

“मंग झालं की,” आप्पा म्हणाले. “वकील कशाला केलाय?”

भाऊकीतला एक जण म्हणाला, “आवं आप्पा, आदल्या दिशी रातच्याला निघंल आन् दुसऱ्या राती माघारी इल. कुणाला कळतंय?”

“आन् वाटंत शीव लागत न्हाई व्हय रं?”

“कोल्हापुरात हायकोर्ट झालं आसतं तर एवढं लांब पडलं नसतं बघा,” दुसरा म्हणाला. तेव्हा कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झालेले नव्हते.

“कोल्हापूर काय आपल्या वावरात हाय?” आप्पा म्हणाले. दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले.

आतेभावाची बायको दारात उभी होती. ती सहसा बैठकीत बोलत नाही. ती म्हणाली, “जवान जात्यात की तिसऱ्याला.”

आप्पांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते पुतण्याकडे बघून म्हणाले, “जवानाला हुकूम आसतो. तुला कोण हुकूम देतंय? तू नोकरीवर न्हाईस. ही याचिका तुझ्या मनाची. उद्या समोरची लोकं म्हनतील, आईच्या पिंडाआदी ह्याला आमदारकी आठवली. ते ऐकायची तयारी हाय का तुजी?”

आतेभाऊ म्हणाला, “आप्पा म्हनत्यात तसं.”

फोन अजून चालू होता. वकील म्हणाले, “मग मी जातो. काळजी करू नका.”

मी तिथे बसलो होतो. मी आत्याच्या माहेरचा. तिच्या सासरच्या भाऊकीत माहेरच्या माणसाने बोलायचे नसते. “आले तर बरं” हे शब्द मला ऐकू आले होते. पडवीत बसलेल्या प्रत्येकाला आले होते. आले तर बरं म्हणजे काय, हे वकिलांना कोणी विचारले नाही.

शेवटच्या तारखेला दुपारी वकिलांनी मुंबईहून फोन केला. याचिका दाखल झाली होती, क्रमांक मिळाला होता. खिडकीवरच्या माणसाने याचिकाकर्ता आलेत का असे विचारले होते. वकिलांनी वकीलपत्र दाखवले. त्या माणसाने कागदावर तशी नोंद केली आणि शिक्का मारला. हे वकिलांनी तेव्हाच सांगितले, एक किरकोळ गोष्ट म्हणून.

दुसऱ्या दिवशी नदीवर दहावा झाला. माहेरची टॉवेल-टोपी मी दिली. पिंड ठेवल्यावर सगळे मागे सरकले आणि कावळा लगेच शिवला. म्हातारीचे काही राहिले नव्हते, असे लोक म्हणाले. आप्पा सर्वांत पुढे उभे होते. त्यांना समाधान वाटल्याचे दिसले.

निवडून आलेल्या उमेदवाराच्या वकिलांनी उन्हाळ्यात अर्ज केला. अर्ज छोटा होता. कायद्याप्रमाणे निवडणूक याचिका उमेदवाराने किंवा मतदाराने सादर करायची असते. सादर करणे म्हणजे स्वतः समोर हजर राहणे, असा अर्थ न्यायालयांनी लावलेला आहे. कागद वकिलाने किंवा त्याच्या कारकुनाने पुढे केला तरी हरकत नाही, पण याचिकाकर्ता तिथे उभा पाहिजे. तो नसेल तर ती याचिका कायद्याच्या लेखी सादरच झालेली नसते आणि न्यायालयाला ती फेटाळावीच लागते. लिफाफ्यांबद्दल अर्जात एक ओळही नव्हती.

उत्तर काय द्यायचे हे ठरवायला आम्ही साताऱ्यात वकिलांच्या कार्यालयात जमलो. आतेभाऊ, आप्पा आणि मी. राजवाड्यापासून थोडे पुढे, दुसऱ्या मजल्यावर. आप्पा जिना चढताना दोनदा थांबले, आधार घेतला नाही.

वकिलांनी अर्ज वाचून दाखवला, अर्थ सांगितला. मग म्हणाले, “हे मला माहीत असायला हवं होतं. ग्रामपंचायतीत कधी प्रश्न आला नाही. मी तीच सवय घेऊन मुंबईला गेलो.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ते आवारात जरी असते तरी काहीतरी मांडता आलं असतं. जिन्यात असते, बाकावर असते तरी.”

“मंग व्हता म्हना,” आप्पा म्हणाले.

वकिलांनी त्यांच्याकडे पाहिले.

“बाकावर बसलेला व्हता म्हना. मी संगट व्हतो म्हनून मी सांगतो. माझी सही घ्या. सुभेदार मानूस खोटं बोलंल आसं कोन म्हनंल?”

आतेभावाने अर्जाची प्रत टेबलावर ठेवली. तो म्हणाला, “आप्पा, तवा मला शीव वलांडू दिली न्हाई. आता कागदावर वलांडाय लावता व्हय?”

वकिलांनी पेनाला टोपण लावले.

उत्तरात खरे तेच लिहिले गेले. याचिकाकर्त्याच्या आईचे निधन झाले होते, रूढीप्रमाणे तो गाव सोडू शकत नव्हता, याचिकेवर आणि प्रत्येक प्रतीवर सह्या त्याच्याच आहेत, उद्देश स्पष्ट आहे. वकिलांच्या मते एवढ्यावर निभाव लागणे अवघड होते. ते त्यांनी आधीच सांगितले.

जुलैत निकाल लागला. मुंबईला आतेभाऊ स्वतः गेला होता. न्यायालयाने दुःखद प्रसंगाबद्दल सहानुभूती नोंदवली आणि कायद्याने सूट देण्याचा अधिकार दिलेला नाही असे म्हटले. मुद्द्यावर सुनावणी झाली नाही. आमच्या दैनिकात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. ती मी लिहिली नाही. माझ्या टेबलावरून गेली, मी एक शब्दही बदलला नाही.

सर्वोच्च न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात. वकील म्हणाले, करायचे तर कारण ठसठशीत मांडावे लागेल. याचिकाकर्ता स्वतःच्या मर्जीने गैरहजर राहिला नाही, त्याला घरच्या वडीलधाऱ्या माणसाने रोखले, असे नावानिशी लिहावे लागेल. तरीही यश येईल असे त्यांना वाटत नव्हते. दुसरे वकील धरा, असेही ते म्हणाले. चूक मुळात त्यांची होती, त्यांनीच अपील लढवणे बरे दिसत नव्हते.

आप्पा म्हणाले, “लिवा माजं नाव. मोठ्या अक्षरात लिवा.”

आतेभाऊ म्हणाला, “बघू.”

त्यानंतरच्या आठवड्यात आप्पा एकटे सांगलीला आले. फोन केला नव्हता. दुपारी कार्यालयाच्या फाटकावरच्या माणसाने वर निरोप पाठवला की, एक म्हातारे फौजी आले आहेत आणि बसा म्हटले तर बसत नाहीत. मी खाली गेलो. धोतर, पांढरा सदरा, छातीला पदकांची पट्टी. ती ते एरवी फक्त पंधरा ऑगस्टला लावतात.

“पेपरात एक छापायचं हाय,” ते म्हणाले.

मी त्यांना कँटीनमध्ये नेले. त्यांनी गाडीत सगळे मनात जुळवून आणले होते. ते पाठ म्हटल्यासारखे बोलले. याचिका फेटाळली यात पुतण्याची चूक नाही. वकिलांची नाही. तो जायला तयार होता, मी अडवला. ज्या पोरांची मते बाद झाली त्यांच्या आईबापांनी मला जाब विचारावा. खाली माझे नाव, हुद्दा आणि गाव.

मी म्हणालो, “आप्पा, असं छापत नाहीत.”

“का? खोटं हाय?”

“खोटं नाही. पण कोर्टाच्या निकालाला घरातलं कोण जबाबदार, ही बातमी होत नाही.”

“मंग काय हुतंय बातमी? त्या चार वळी?”

मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही. शेजारच्या टेबलावर जाहिरात विभागातली दोन मुले डबा खात होती, ती उठून गेली.

“वकील म्हनतो कोर्टात ह्याला जागा न्हाई,” आप्पा म्हणाले. “तू म्हनतोस पेपरात न्हाई. मंग मानसानं कुठं सांगायचं?”

त्यांची माघारी जायची गाडी संध्याकाळी होती. मी लवकर सुटी घेऊन त्यांच्याबरोबर स्टेशनवर गेलो. फलाटावरच्या बाकावर ते बसले आणि पदकांची पट्टी काढून खिशात ठेवली.

“माजा बाप गेला तवा मी तिसऱ्याला गेलो,” ते म्हणाले. “सावडलं आन् गेलो. सगळ्यास्नी सांगितलं, हुकूम आलाय.”

मी म्हणालो, “जवानाला सवलत आहेच की.”

“हुकूम न्हवता. रजा शिल्लक हुती.” ते रुळांकडे पाहत होते. “घरात बसवंना. आई रडायची ते बघवंना. पुन्याला जाऊन एका दोस्ताकडं ऱ्हायलो, रजा सपंस्तवर. माज्या बापाचा पिंड चुलत्यानं ठेवला. गाव म्हनलं, पोरगा ड्युटीचा पक्का हाय. आजून म्हनत्यात.”

गाडी आली. चढताना ते म्हणाले, “त्या पोराला मी बशीवला. मी बसलो न्हाई म्हनून बशीवला. हे पन छापत न्हाई ना तुमी?”

मी नाही म्हणालो.

ऑगस्टमध्ये नातू रजेवर आला. अपिलाची मुदत संपायला थोडे दिवस उरले होते. काय ठरते ते बघायला मीही रविवारी गावी गेलो. संध्याकाळी आप्पांच्या अंगणात सगळे बसले होते. नातू खाटेवर बसून मुरगळलेल्या पायाची पट्टी सोडत होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, उन्हाने आणि बर्फाने तोंडाची साल गेलेली. येताना त्याने आज्जाला लोकरी टोपी आणली होती. ती आप्पांच्या मांडीवर होती.

आप्पा त्याला म्हणाले, “तुजं मत मी घालीवलं.”

“व्हय, कळलं,” नातू म्हणाला. “आमच्या बटालियनमदी आपल्याकडची समदी पोरं इचारत हुती. मी सांगितलं, कोर्टानं काडून टाकलं.”

“कोर्टानं न्हाई. मी.”

“बरं, तुमी.” तो हसला. “मंग काय करू, कोर्ट मार्शल?”

आप्पा हसले नाहीत. आतेभाऊ कट्ट्यावर बसला होता. तो म्हणाला, “अपील करायचं म्हनत्यात. आप्पांचं नाव घालून. तू काय म्हनतोस?”

नातवाने पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली. “काका, एक सांगू? राग धरू नका.”

“सांग.”

“मी मत कुनाला दिलं ह्ये मला आजून कुनी इचारलं न्हाई.”

बाद झालेले सगळे लिफाफे आतेभावाचेच, असे मोजणीच्या दिवसापासून घरात, गावात आणि वकिलांच्या कार्यालयातही धरले गेले होते. मीही तसेच धरले होते. पाकिटे बंद होती.

आप्पा म्हणाले, “सांगू नगंस.”

“सांगत न्हाईच. ते पाकिटात हाय.” तो आतेभावाकडे वळला. “पर काका, उघडाय पायजे हुतं. कुनाचं का निघंना. थंडीनं पेन चालंना, खिशात गरम करून खून केली हुती मी. सायबाला शिक्का मारायला झोपंतनं उठीवलं हुतं.”

“मारला हुता ना शिक्का?” आप्पांनी विचारले.

“मारला की. माज्या म्होरं.”

“झोपंतच मारला आसंल त्यानं, म्हनून पुसाट उठला,” आतेभाऊ म्हणाला, आणि पहिल्यांदा नातू आणि तो दोघेही हसले. आप्पा टोपी हातात घेऊन आत गेले. जेवायला बाहेर आले नाहीत. सुनेने ताट आत नेले, ते तसेच परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतेभावाबरोबर रानात गेलो. आल्याला भर लावायचे काम चालू होते. बायका सरीत होत्या, तो बांधावर खोरे टेकवून उभा होता. मी अपिलाचे विचारले.

तो म्हणाला, “दादा, त्या दिशी आप्पांनी अडीवलं म्हनून मी थांबलो आसं समदी म्हनत्यात. आप्पा बी म्हनत्यात. तसं न्हाई ते.”

मी बांधावर बसलो.

“आईला अग्नी देताना मी तारीख मोजत हुतो. मडकं खांद्यावर, पानी सांडतंय आन् माज्या डोक्यात काय, तर आज गेली, म्हंजे दहावा अमक्या वारी, शेवटची तारीख त्याच्या आदल्या दिशी. तोंडाकडं बगितलं न्हाई मी तिच्या. नीट बगितलंच न्हाई. फिरलो, मोजत मोजत फिरलो.” त्याने खोऱ्याला चिकटलेली माती पायाने काढली. “मंग आप्पा म्हनले, जाऊ नगंस. मला बरं वाटलं. कुनीतरी शिक्षा दिली आसं वाटलं. वकील म्हनला आलं तर बरं. मी ऐकलं हुतं. म्या म्हनलं, न्हाई जायाचं. आता न्हाई जायाचं.”

“हे आप्पांना सांगितलंस?”

“कसं सांगू? त्यांनी ते सोतावर घेतलंय. काडून घेतलं तर त्यास्नी काय ऱ्हातंय?”

सरीतून त्याच्या बायकोने हाक मारली. शेवटच्या दोन सऱ्यांना खत राहिले होते. तो गेला. परत आल्यावर म्हणाला, “अपिलात लिवावं लागंल, मला चुलत्यानं रोखलं. सही मी करायची. प्रतिज्ञेवर.”

मी म्हणालो, “रोखलं तर होतं.”

“व्हय,” तो म्हणाला. “आन् मी थांबलो ते त्यापायी न्हाई.”

मी दुपारच्या गाडीने सांगलीला परतलो. पुढच्या आठवड्यात वकिलांनी आतेभावाला दोनदा फोन केला. दिल्लीतल्या एका वकिलाचे नाव दिले, कागद तयार ठेवले. आप्पाही एक दिवस साताऱ्याला जाऊन कुठे सही करायची ते विचारून आले. त्यांना सांगण्यात आले की सही याचिकाकर्त्याची लागते. नातवाची रजा संपली आणि तो कामावर परत गेला. जाताना आप्पा त्याला सोडायला फाट्यापर्यंत गेले होते, असे आतेभावाच्या बायकोने फोनवर सांगितले.

बाद लिफाफ्यांचे काय होते, हे मी जिल्हा निवडणूक कार्यालयात विचारले. ते सीलबंद असतात, ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केले जातात, असे उत्तर मिळाले. या मतदारसंघातले नष्ट झाले का, यावर उत्तर मिळाले नाही.

अपिलाची मुदत ऑगस्टअखेर संपली. अपील दाखल झाले नाही.